मलातील गुप्त रक्ताची घरगुती चाचणी: किट कामाचे, पण सोबतचे रंगांचे पान घातक

मलात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे का, हे घरच्या घरी तपासण्याचे किट आता औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइनही मिळते. डॉक्टर या चाचणीला फिकल इम्युनोकेमिकल टेस्ट, थोडक्यात ‘फिट’ असे म्हणतात. मी स्वतः वापरलेल्या आणि घरातील ज्येष्ठांकडूनही करवून घेतलेल्या अशा एका किटचे हे परीक्षण आहे. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण याच धाटणीची अनेक किट बाजारात आहेत आणि पुढचे बहुतेक मुद्दे त्या सर्वांना लागू पडतात. माझे मत आधीच सांगतो. मोठ्या आतड्यातून झिरपणारे थोडेसे रक्त पकडणे हे या किटचे नेमून दिलेले काम आहे आणि तेवढ्यासाठी ते घेण्यासारखे आहे. मात्र त्यासोबतच्या पत्रकात मलाच्या रंगांविषयी जे छापले आहे, त्यावर विसंबून कोणी निर्णय घेतला तर ते जिवावर बेतू शकते.

खोक्यात एक सीलबंद पाकीट, त्यात चाचणीची पट्टी आणि ओलावा शोषणारी पुडी, द्रव भरलेली एक छोटी नळी, तिच्या झाकणालाच जोडलेली खाचा असलेली काडी, कमोडवर पसरायचा कागद आणि घडीचे पत्रक असते. मल पाण्यात पडण्याआधी कागदावर घ्यायचा, काडीचे टोक त्याच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या ठिकाणी ओढायचे आणि फक्त खाचा भरल्या की काडी नळीत परत खोचायची. इथे बहुतेकांचा हात जड पडतो. जास्त नमुना म्हणजे जास्त खात्रीची तपासणी, असे वाटून काडीला गोळाच लावला जातो. प्रत्यक्षात खाचांमध्ये मावेल तेवढाच, म्हणजे काही मिलिग्रॅम मल या मोजमापात धरलेला असतो आणि त्याहून जास्त घातला की निकाल बिघडतो. या किटच्या नळीला आत एक अरुंद गळा आहे, जो काडीवरचा जादा मल खरवडून वर ठेवतो. ही रचना मला फार आवडली. वापरणाऱ्याची चूक गृहीत धरून केलेली अशी सोय पत्रकातील दहा सूचनांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

नळी हलवून ठरलेले थेंब पट्टीवर टाकले की सांगितलेल्या वेळेत ‘सी’ अक्षरासमोर एक रेघ उमटते. ती उमटली नाही तर चाचणीच बाद. ‘टी’ अक्षरासमोरही रेघ आली तर रक्त सापडले असा अर्थ होतो, आणि ती रेघ कितीही फिकट असली तरी अर्थ बदलत नाही. आमच्याकडे एका पट्टीवर ही दुसरी रेघ इतकी पुसट होती की ती खिडकीशी नेऊन, तिरकी धरून पाहावी लागली. पत्रकात मात्र दोन ठसठशीत रेघांचेच चित्र आहे. पुसट रेघेचे चित्र तिथे असायला हवे होते, कारण ज्याला निकाल नकोसा वाटतो त्याला पुसट रेघ ‘नाही’ सारखीच दिसते.

चाचणीमागचे तत्त्व समजून घेतले की तिची ताकद आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणाहून येते, हे लक्षात येते. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये दोन भाग असतात: लोह असलेला हीम आणि त्याभोवतीचे ग्लोबिन हे प्रथिन. जुन्या ग्वायक पद्धतीच्या चाचणीत हीमची रासायनिक क्रिया पाहिली जात असे. ग्वायक नावाच्या झाडाचा चीक वापरून रक्त ओळखण्याची ही पद्धत 19व्या शतकातली. तिला मांसातले हीम आणि काही भाज्यांमधली विकरे फसवत असत आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे खरे रक्तही लपत असे. म्हणून चाचणीपूर्वी काही दिवस खाण्यापिण्याची बंधने पाळावी लागत. ‘फिट’मधील प्रतिपिंडे फक्त मानवी ग्लोबिनला चिकटतात. त्यामुळे आदल्या दिवशी काय खाल्ले याने फरक पडत नाही, आणि ही मोठीच सोय आहे. पण ग्लोबिन हे प्रथिन असल्यामुळे जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त सांडले, तर पचनरस त्याचे इतर प्रथिनांप्रमाणेच तुकडे करतात. मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचेतो प्रतिपिंडांना ओळखता येईल असे त्यातले फारसे काही उरत नाही.

पत्रकाच्या मागच्या बाजूला ‘मलाचा रंग काय सांगतो’ असे एक पान आहे. त्यात सात रंगांचे सात चौकोन आणि प्रत्येकापुढे एकेक ओळ आहे. काळ्या चौकोनापुढे, पचनमार्गात रक्तस्राव असू शकतो, किट वापरून खात्री करून घ्या, अशा आशयाचा सल्ला आहे. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो नेमका अशा माणसाला दिलेला आहे, ज्याच्यापाशी थांबायला सर्वांत कमी वेळ असतो. डांबरासारखा काळा मल बहुधा अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील रक्तस्रावाने होतो. तिथल्या रक्ताचे ग्लोबिन वाटेत पचून जाते आणि बदललेले हीम मागे उरून मलाला काळा रंग देते. म्हणजे मल काळाकुट्ट असताना पट्टीवर एकच रेघ येऊ शकते, आणि रुग्ण निर्धास्त होऊन झोपी जातो.

या काळ्या रंगाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अपायकारक काळा आणि निरुपद्रवी काळा यांतला फरक पत्रकात एका शब्दानेही नाही. रक्ताने काळा झालेला मल चकचकीत, चिकट आणि अर्धवट पातळ असतो, भांड्याला धरून राहतो, पाणी ओतूनही लवकर जात नाही, आणि त्याचा दर्प नेहमीच्या दुर्गंधीपेक्षा वेगळा व उग्र असतो. तो एकदा घेतला की पुन्हा ओळखू येतो. लोहाच्या गोळ्यांनी होणारा मल गडद हिरवट काळा, पण बहुधा बांधलेला असतो आणि त्याला तो दर्प नसतो. बिस्मथ असलेल्या पोटाच्या औषधांनीही मल काळा होतो, कारण शरीरातील गंधकाशी संयोग होऊन काळे बिस्मथ सल्फाइड तयार होते. याच कारणाने जीभही काळी पडते. औषध थांबवल्यावर काही दिवसांत रंग मूळपदावर येतो. मात्र लोहाच्या गोळ्या चालू आहेत एवढ्यावरून काळ्या मलाकडे डोळेझाक करणे बरोबर नाही. लोहाच्या गोळ्या बहुतेक वेळा रक्त कमी झाले म्हणूनच दिलेल्या असतात आणि ते कशाने कमी झाले, हा प्रश्न कित्येकदा तसाच राहिलेला असतो. त्यात सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर जठरातील व्रणाची शक्यता आणखी वाढते. काळ्या मलासोबत चक्कर, घाम, धडधड किंवा उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सरळ रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

मग किटचा उपयोग नेमका कुठे? निरोगी माणसाच्या मलातूनही रोज साधारण अर्धा ते दीड मिलिलिटर रक्त जाते आणि ते कोणालाच दिसत नाही. पचनमार्गाच्या वरच्या भागातून रक्त जात असेल तर मल काळा दिसू लागायला सुमारे 50 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त लागते. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातल्या गाठीतून रक्त झिरपत असेल, तर ते मलात इतके मिसळून जाते की रंगात काही कळतच नाही. अशा रुग्णांचा आजार कित्येकदा थकवा आणि रक्तक्षय यांतूनच पहिल्यांदा लक्षात येतो. मल रोजच्यासारखा तपकिरी असतो, पोट साफ होते, कसली तक्रार नसते, आणि तरीही आत काहीतरी वाढत असते. अशा माणसासाठीच हे किट आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा आधी असलेल्या पॉलिपमधून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या कोंबासारख्या गाठीतून, अनेक वर्षे घेऊन तयार होतो. त्या अवधीत अधूनमधून होणारा सूक्ष्म रक्तस्राव डोळ्यांना नव्हे, पण प्रतिपिंडांना सापडू शकतो.

लाल चौकोनापुढे पत्रकाने ‘मूळव्याध’ हे एकच कारण छापले आहे. हे अपुरे आहे. मलाच्या वरून लागलेले, कागदावर दिसणारे लालभडक रक्त बहुतेकदा मूळव्याधीचे किंवा गुदद्वाराच्या चिरेचे असते, हे खरे; चिर असेल तर शौचाच्या वेळी कापल्यासारख्या वेदना होतात. पण मलात मिसळलेले गडद तांबडे रक्त, रक्तासोबत आव, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, विनाकारण घटलेले वजन, यांपैकी काहीही असेल तर मूळव्याध आहेच हे धरून चालणे महागात पडते. मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला असू शकतात. रक्त डोळ्यांना दिसतच असेल, तर गुप्त रक्ताची घरगुती चाचणी करून तपासणी लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही. याउलट बीटरूट, लाल खाद्यरंग किंवा रिफॅम्पिसिनसारखी औषधे मल लालसर करतात आणि त्यात रक्त मुळीच नसते. अशा वेळी किट ‘नाही’ म्हणते, आणि हे त्याच्या प्रतिपिंडांच्या अचूकपणाचे उदाहरण म्हणून सांगता येईल.

पांढुरका किंवा मातकट मल हा या पानावरचा सर्वांत दुर्लक्षित चौकोन आहे. त्यापुढे ‘पचन मंद’ असे लिहिले आहे आणि ते वाचून मला खरोखर राग आला. मलाचा तपकिरी रंग पित्तातून येतो. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर त्यांतील हीमपासून बिलिरुबिन तयार होते, यकृत ते पित्तात सोडते आणि आतड्यातील जिवाणू त्याचे पुढे युरोबिलिनोजेन व स्टर्कोबिलिन यांत रूपांतर करतात. यातले पहिले पाऊल घडवणारे जिवाणूंचे विकर, बिलिरुबिन रिडक्टेज, 2024 साली ओळखले गेले; म्हणजे इतक्या रोजच्या रंगाचा हा दुवा आत्ताआत्तापर्यंत सुटलेला नव्हता. मल सलग काही वेळा पांढुरका होत असेल, तर पित्त आतड्यापर्यंत पोहोचत नाही असा त्याचा सरळ अर्थ आहे. मुख्य पित्तनलिकेत अडकलेला खडा, यकृताचा दाह, स्वादुपिंडाच्या डोक्याकडील गाठ, अशी त्यामागची कारणे असतात. अडलेले बिलिरुबिन रक्तात उतरते आणि मूत्रावाटे बाहेर पडते, म्हणून मल फिकट होत असतानाच लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात, अंगाला खाज सुटते. दुखत नाही म्हणून वाट पाहणे इथे विशेष घातक असते, कारण वेदनारहित कावीळ आणि फिकट मल ही जोडी स्वादुपिंडाच्या कर्करोगातही आढळते. सोबत थंडी वाजून ताप आणि उजव्या बाजूला पोटात दुखणे असेल तर पित्तनलिकेतील जंतुसंसर्गाची शक्यता असते आणि त्यात तासांचाही विलंब परवडत नाही. बेरियम देऊन काढलेल्या क्ष-किरण चित्रानंतर काही काळ मल पांढरा होतो, तेवढा अपवाद. या सगळ्यात रक्ताचा संबंधच नसल्याने ‘फिट’ यावर काहीही बोलू शकत नाही.

हिरव्या रंगाची एवढी काळजी नको. पालेभाज्या, हिरवे खाद्यरंग किंवा जुलाब यांमुळे तो येतो. जुलाबात मल इतक्या वेगाने पुढे सरकतो की पित्ताचा हिरवट रंग बदलायला जिवाणूंना वेळच मिळत नाही. पिवळा, फेसाळ, तेलकट, पाण्यावर तरंगणारा आणि फार दुर्गंधी येणारा मल मात्र वारंवार होत असेल तर त्यात न पचलेली चरबी आहे असे समजावे. स्वादुपिंडाचे स्राव कमी पडणे, सिलिॲक आजार (गव्हातील ग्लुटेन न सोसणे) किंवा जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग ही त्याची परिचित कारणे आहेत आणि त्यांसाठी वेगळ्या तपासण्या असतात.

रंगांचा तक्ता मुळातच निरुपयोगी असतो, असे माझे म्हणणे नाही. नवजात बाळांच्या मलाच्या रंगाचे कार्ड याच्या बरोबर उलट उदाहरण आहे. काही बाळांमध्ये जन्मानंतर पित्तनलिका बंद होत जातात. या आजाराला बिलिअरी अट्रेसिया म्हणतात आणि पित्ताला वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया बाळ 60 दिवसांचे होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त असते. तैवानने 2004 पासून देशभर असे कार्ड आईवडिलांच्या हाती दिले. त्यात छापलेल्या रंगांशी बाळाचा मल ताडून पाहायचा आणि फिकट रंगाशी जुळला तर लगेच कळवायचे. जपानमध्ये असे कार्ड माता-बाल आरोग्य पुस्तिकेचाच भाग आहे. ते कार्ड एकाच आजाराच्या मागे आहे, रंगांची छपाई त्यासाठी जपून केलेली असते, आणि रंग जुळल्यावर काय करायचे ते नि:संदिग्धपणे सांगते. आपल्या किटच्या पानावर मात्र सात रंग, सात तर्क आणि प्रत्येकाच्या शेवटी किट वापरण्याची शिफारस आहे. शिवाय माझ्या पत्रकातील ‘पांढुरका’ आणि ‘पिवळा’ हे चौकोन छपाईत जवळपास एकसारखेच दिसतात.

आता निकालाच्या आकड्याबद्दल. प्रयोगशाळेतली ‘फिट’ एक ग्रॅम मलात किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन आहे ते मोजते आणि कुठल्या आकड्यापुढे पुढची तपासणी करायची, हे ती कशासाठी केली आहे त्यावर ठरते. पोटाच्या तक्रारी असलेल्या रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये 10 ही रेषा धरली जाते, तर तक्रार नसलेल्यांच्या सार्वत्रिक तपासणीत इंग्लंडने 120 आणि स्कॉटलंडने 80 ही रेषा ठेवलेली होती. म्हणजे एकाच नमुन्याला एके ठिकाणी ‘आहे’ आणि दुसरीकडे ‘नाही’ म्हटले जाईल. घरगुती पट्टीत ही रेषा कारखान्यातच पक्की केलेली असते आणि या किटवर ती द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम अशा मापात छापली आहे. नळीत किती द्रव आणि किती मल धरला आहे हे छापल्याशिवाय त्या आकड्याची तुलना डॉक्टरांकडच्या अहवालाशी करता येत नाही. उत्पादकाने तो मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम असा छापावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

एकच रेघ आली म्हणजे आतडे निर्दोष, असे समजू नये. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार ‘फिट’ची एकच फेरी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सुमारे 79 टक्के रुग्ण पकडते आणि कर्करोग नसलेल्यांपैकी सुमारे 94 टक्के लोकांना बरोबर ‘नाही’ म्हणते. मोठ्या पॉलिपच्या बाबतीत पकड यापेक्षा बरीच कमी आहे, कारण त्यांतून रक्त रोज येत नाही. म्हणूनच ही चाचणी ठरावीक अंतराने पुन्हा करायची असते. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाच्या 2021 च्या शिफारशीत 45 ते 75 या वयोगटासाठी दरवर्षी ‘फिट’ हा एक पर्याय दिलेला आहे. पत्रकात पुनरावृत्तीचा उल्लेख अगदी बारीक अक्षरांत आहे. मासिक पाळीत, लघवीतून रक्त जात असताना किंवा मूळव्याध वाहत असताना नमुना घेऊ नये ही सूचना मात्र ठळक आहे, आणि नमुना उन्हात किंवा गरम जागी ठेवू नये हेही स्पष्ट लिहिले आहे, कारण उष्णतेने हिमोग्लोबिन विघटन पावते आणि खरे रक्त असूनही निकाल ‘नाही’ येतो.

ज्यांना कोणतीही तक्रार नाही, वय पंचेचाळिशीच्या पुढे आहे आणि डॉक्टरांकडे जाऊन नमुना देण्याचा संकोच वाटतो, त्यांनी हे किट अवश्य घ्यावे. घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर किटवर न थांबता कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी) कधी करावी हे डॉक्टरांनाच विचारावे. आणि पट्टीवर दुसरी रेघ आली, तर खात्रीसाठी दुसरे किट आणू नये. रक्त रोज झिरपत नसल्याने दुसऱ्या दिवशीचा ‘नाही’ पहिल्या दिवशीचा ‘आहे’ खोडून काढत नाही. त्यानंतरची तपासणी कोलोनोस्कोपी हीच आहे. रेघ नंतर बदलत जाते, म्हणून ठरलेल्या वेळेतच पट्टीचा फोटो काढून त्यावर तारीख घालावी आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या यादीसह तो डॉक्टरांना दाखवावा.